डग्गा घुमतो, तानपुरा हरवतो

प्रश्न : गाडीत नुकताच नवा स्टिरिओ, दारांत नवे स्पीकर आणि डिकीत सबवूफर बसवला. पण भीमसेनजींचे अभंग लावले की डग्गा नुसता घुमतो, तानपुरा ऐकूच येत नाही. काय करावे?

उत्तर : अभिनंदन! सामान आले, आता ते जुळवायचे आहे. आधी इक्वलायझर सपाट ठेवा. बास बूस्ट आणि लाउडनेस बंद करा. मग क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जाईल, वरचे सारे दारातल्या स्पीकरकडे. सबवूफरचा गेन अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवा. डग्गा डिकीतून नव्हे, समोरून वाजल्यासारखा वाटला की थांबा. खर्ज पोकळ लागला तर फेज ० वरून १८० अंशांवर करून पाहा. दाराचा पत्रा थरथरत असेल तर आतून डॅम्पिंग शीट लावून घ्या. ब्लूटूथवर काही बारकावे गळतात, म्हणून पेनड्राइव्हवर फ्लॅक किंवा ३२० केबीपीएसच्या फाइल घ्या.

गाडी सावलीत उभी करून, इंजिन बंद ठेवून एक अभंग पूर्ण ऐका. तानपुऱ्याची जवारी कानी आली की जुळणी साधली. चालवताना मात्र मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा.