पहिला वॉर्ड कोणता घ्यावा?

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगचा निकाल लागला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हाती आलं, की वस्तीतल्या मुली आम्हाला विचारायला येतात : आयसीयू घेऊ, ओटी घेऊ, की लेबर रूम? सोबत आलेल्या आईचा प्रश्न वेगळाच असतो : नाईट नसलेला विभाग कोणता?

सरकारी नोकरीत मेट्रन पाठवतील तिथे जायचं असतं. निवड करावी लागते ती खासगी रुग्णालयात, आणि आपल्या बऱ्याच मुलींची सुरुवात तिथेच होते.

आमचं मत असं, की पहिल्या वर्षी विभागाचं नाव पाहू नका. हाताला धरून शिकवणारी सिस्टर तिथे आहे का, ते पाहा. आयसीयूचंच घ्या. चांगल्या रुग्णालयात नव्या नर्सला काही आठवडे अनुभवी सिस्टरसोबत ठेवतात. व्हेंटिलेटरचा कोणता अलार्म कशाचा, सिरिंज पंपावरचं औषध किती वेगाने जातंय, हे उभं राहून दाखवतात. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक नर्स, हा तिथला निकष. पण काही नर्सिंग होममध्ये चार खाटांवर आयसीयूची पाटी लावतात आणि रात्री एकट्या नवख्या मुलीवर सगळं सोडतात. पगार थोडा जास्त देतात, म्हणून घरचे खूश. रुग्ण दगावला तर बोट तिच्याकडे. म्हणून मुलाखतीतच विचारा : रात्री माझ्यासोबत सिनियर कोण? माझ्याकडे किती रुग्ण? ट्रेनिंग किती दिवस? उत्तर टाळलं, तर ती नोकरी सोडून द्या.

ठरत नसेल तर मेडिसिन किंवा सर्जरीचा जनरल वॉर्ड घ्या. मुलींना तो कमी प्रतीचा वाटतो, पण मधुमेह, टीबी, लकवा, ऑपरेशन झालेले, सगळे रुग्ण वर्षभरात तिथे हाताखालून जातात. रुग्ण बिघडण्याआधी त्याचा श्वास वाढतो, हे पुस्तकातलं वाक्य तिथे डोळ्यांना कळतं. मग ठरवा. नवजात बालकांचा विभाग, कॅन्सर, ओटी, अशा विषयांत एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो.

मनोरुग्ण विभागाकडे मात्र कुणी वळत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, पण 'वेड्यांची नर्स' म्हणतील ही भीती. दारूने किती घरं बसली ते आपण रोज पाहतो. या विषयातली नर्स आपल्या वस्त्यांना हवी आहे.

आणखी एक, उघडच बोलू. आडनाव विचारून काम वाटताना आम्ही पाहिलं आहे. बेडपॅन आणि वास येणाऱ्या जखमा आपल्या मुलींकडे, मशीन दुसऱ्यांकडे. बेडपॅन देणं कमीपणाचं नाही. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः स्नान घातल्याचं विनयपिटक सांगतं. पण ते सगळ्यांच्या वाट्याला यावं. आपली ड्युटी रोज वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांत रोटेशन झालं नाही, तर वही समोर ठेवून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

आता आईवडिलांना. नाईट नको म्हणालात, तर ओपीडीसारखे एकदोन विभाग उरतील आणि मुलीचं शिकणं तिथेच थांबेल. त्यापेक्षा जाण्यायेण्याला गाडी आहे का, कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का, हे स्वतः जाऊन बघा. आणि नाईटहून आलेल्या मुलीला झोपू द्या. नळाला पाणी आलं म्हणून तिला उठवू नका, भाऊ घरात आहेच.

विभाग कोणताही मिळो, हेपॅटायटिस बीची लस रुजू होण्याआधी सुरू करा : पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. वापरलेली सुई टोचली तर बोट पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच इन्चार्जला सांगा. एचआयव्ही रोखणारं औषध शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. ते सरकारी रुग्णालयात मिळतं. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुठेही जमा करू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ घरी आणा.