आईला काम आहे, मला नाही. मग बेरोजगार कोण?

प्रश्न : माझी आई वीस वर्षे घरी विड्या वळते आहे. मी बी.कॉम. होऊन दीड वर्ष नोकरी शोधतो आहे. देशात बेरोजगारी फक्त ३.२ टक्के आहे असे वाचले. आमच्या गल्लीत तर घरटी एक मुलगा नोकरीच्या शोधात आहे. आकडा चुकला की आमची गल्लीच वेगळी? – एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : आकडाही खरा आणि तुमची गल्लीही खरी. घोळ आहे तो ‘बेरोजगार’ या शब्दाच्या अर्थाचा. तो एकेक गाठ सोडवत पाहू.

तुम्ही वाचलेला आकडा केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणातला, म्हणजे पीएलएफएसचा, २०२३-२४ सालचा आहे. हे सर्वेक्षण १५ वर्षांवरील माणसांचे तीन गट करते : काम करणारे, काम नसलेले पण शोधणारे किंवा करायला तयार असलेले, आणि यांपैकी कशातच नसलेले. बेरोजगारीचा दर काढताना तिसरा गट हिशेबातून पूर्ण वगळतात. पहिल्या दोन गटांच्या बेरजेत दुसऱ्याचा वाटा किती, एवढेच तो दर सांगतो. उद्या तुम्ही शोध थांबवून एम.कॉम.ला नाव घातलेत, तर तुम्ही तिसऱ्या गटात जाल. नोकरी मिळालेली नसेल, पण बेरोजगारांतून एक माणूस कमी होईल.

आता ‘काम करणारा’ कोणाला म्हणायचे? ३.२ टक्के हा आकडा वर्षभराच्या स्थितीवरून काढलेला आहे. वर्षाचा बराच काळ रिकामा गेला, पण मधे महिनाभर काम केले, तरी तो माणूस कामातच धरला जातो. आठवड्याच्या हिशेबाने काढलेला वेगळा दरही असतो. त्यात सात दिवसांत एक तास काम पुरते. यात लबाडी आहे असे अनेकांना वाटते, पण तसे नाही. एका तासाची ही अट जगभर वापरली जाते, कारण कोणाचेही थोडेसुद्धा काम मोजणीतून सुटू नये हा तिचा हेतू. अडचण एवढीच, की काम ‘आहे’ हे त्यातून कळते, ‘कसे आहे’ हे कळत नाही.

हे समजायला तुमच्या आईचेच उदाहरण घ्या. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, पान भिजवायचे, साच्याच्या मापाने कापायचे, मांडीवर सूप घेऊन वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि विड्या परत नेऊन द्यायच्या. सैल किंवा फाटकी विडी बाजूला काढली जाते. मजुरी हजारामागे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारी बाईही कामगारच ठरवली होती. सर्वेक्षणाच्या व्याख्येत मात्र असे घरबसल्या काम करणारे ‘स्वयंरोजगार’ या रकान्यात जातात. पान दुसऱ्याचे, तंबाखू दुसऱ्याची, दर दुसऱ्याने ठरवलेला. तरी कागदावर त्या स्वतःच्या धंद्याच्या मालकीण!

पुढची गाठ : गरीब देशात बेरोजगारी जास्त असायला हवी, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटे दिसते. आपल्याकडे बहुतेकांना बेकारभत्ता नसतो. रिकामे बसले तर चूल पेटत नाही, म्हणून मिळेल ते, मिळेल त्या मजुरीला केले जाते. नोकरीची वाट पाहायला घरात कोणाची तरी कमाई लागते. म्हणूनच निरक्षरांपेक्षा पदवीधरांत बेरोजगारीचा दर कितीतरी अधिक दिसतो. यावरून ‘शिकलेली पोरे आळशी’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. तुम्ही आज चांगल्या नोकरीसाठी थांबू शकता, ते आईचे हात थांबत नाहीत म्हणून. आणि तुम्ही थांबावे, हीच त्यांचीही इच्छा असणार.

मग चांगली नोकरी गेली कुठे? सोलापुरात ती होती. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, विष्णू आणि लक्ष्मी या मिल आल्या. तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे आली, आसपासच्या खेड्यांतून माणसे आली. अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये हाच मार्ग मांडला होता : शेतीतले जास्तीचे हात कारखान्यांकडे वळतील, आणि असे हात संपत आले की मजुरी वाढू लागेल. इथे हात संपण्याआधी मिलच संपल्या. एकामागून एक भोंगे बंद झाले. चादर आणि टॉवेल यंत्रमागांच्या छोट्या शेडमध्ये विणले जाऊ लागले, तेही बहुतांशी नगावरच्या मजुरीने. पगार, हजेरीपट आणि रजा देणारी नोकरी आकसली. आता मालक म्हणतात माणूस मिळत नाही, मुले म्हणतात काम मिळत नाही. दोघेही खरे बोलतात. त्या मजुरीला, त्या तासांना माणूस मिळत नाही, असे पूर्ण वाक्य आहे.

मोठा प्रकल्प आला की नोकऱ्यांचा पाऊस पडेल, हीसुद्धा एक समजूत. आपल्याजवळचे एनटीपीसीचे वीजकेंद्र १३२० मेगावॉटचे आहे, पण अशा केंद्रात भांडवल प्रचंड लागते आणि बांधकाम संपल्यावर माणसे त्या मानाने थोडीच लागतात. कापड शिवणे, अन्नप्रक्रिया अशा उद्योगांत तेवढ्याच भांडवलात कितीतरी जास्त हातांना काम मिळते. म्हणून कारखाना येतो म्हटले की गुंतवणूक किती कोटींची याबरोबर कायम नोकऱ्या किती, पगार किती, भविष्यनिर्वाह निधी आहे का, हेही विचारायला हवे.

तेव्हा तुमच्या घरात बेरोजगार तुम्ही एकटेच, पण रोजगाराचा प्रश्न दोघांचा आहे. तुम्हाला काम नाही, आईच्या कामाला पुरेसे मोल नाही, ३.२ मध्ये फक्त तुमची बाजू येते. त्याच सर्वेक्षणाच्या अहवालात कामाचे तास आणि कमाई यांचीही कोष्टके असतात. पहिला आकडा वाचून अहवाल मिटू नका, त्या कोष्टकांपर्यंत जा. आई तिथे सापडतील.