न बोलणाऱ्या मुलाला आधी काम द्या

भिलाईत दहावीचा निकाल लागला की पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. जेईईचा क्लास कुठे लावायचा, हा पहिला. दुसरा हळू आवाजात येतो : "मार्क चांगले आहेत हो, पण चारचौघांत तोंडच उघडत नाही. इंटरव्ह्यूत काय करेल?" मग व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग लावला जातो, नाहीतर वक्तृत्व स्पर्धेत बळेच नाव घातलं जातं. मला हा उपाय उफराटा वाटतो. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय हे कळलं, की लाजरं मूल आपसूक बोलू लागतं.

मोहनदास गांधींचंच पाहा. लंडनमध्ये शाकाहारी मंडळींसमोर स्वतः लिहून नेलेलं भाषणही त्यांना वाचवेना, दुसऱ्याने वाचलं. बॅरिस्टर होऊन मुंबईच्या लघुवाद न्यायालयात उलटतपासणीला उभे राहिले, तर एकही प्रश्न सुचला नाही. फी परत घ्या म्हणाले आणि निघून गेले. १८९३मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला मात्र हाच तरुण तिथल्या भारतीयांसमोर व्यवस्थित बोलला, कारण बोलणं त्या लोकांच्या अडचणींबद्दल होतं. त्याच सभेत त्यांनी इंग्रजी शिकवायची तयारी दाखवली. तिघं पुढे आले : एक न्हावी, एक कारकून, एक दुकानदार. गांधी त्यांच्या सवडीने, त्यांच्याच जागी जाऊन शिकवत. भाषण सगळ्यांना आठवतं. मला ही शिकवणी जास्त मोलाची वाटते. १९३३मध्ये हरिजन दौऱ्यात आपल्या शेजारच्या दुर्गला आलेला नेता अशा कामांतून घडला होता.

छत्तीसगडच्या गावांनीही हे अनुभवलं आहे. २००२मध्ये इथे मितानीन कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक पाड्याने आरोग्याच्या कामासाठी आपल्यातलीच एक बाई निवडली. घराबाहेर फारसं न बोललेल्या कितीतरी जणी गरोदर बायकांची, तान्ह्या बाळांची विचारपूस करता करता सरकारी दवाखान्यात जाब विचारू लागल्या, काही तर पंचायतीत निवडून आल्या. देशभरातली 'आशा' योजना त्यानंतर, २००५मध्ये आली.

तेव्हा सुरुवात आपल्या कॉलनीतून करा. अकरावीतल्या मुलाकडे सहावी-सातवीतली दोन मुलं गणितासाठी पाठवा, आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी. तो शिकवत असताना दाराशी उभं राहू नका. मंडळाच्या गणेशोत्सवात मुलीला निवेदन करायला लावण्याऐवजी वर्गणीची वही तिच्या हाती द्या. हिशेब विचारायला लोक तिच्याकडेच येतील आणि उत्तरं तिलाच द्यावी लागतील.

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे, १९६९पासूनची. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. तिथे पाण्याची, स्वयंपाकाची किंवा रक्तदात्यांच्या नोंदीची जबाबदारी मुलाने स्वतःहून मागावी. दुसऱ्या वर्षी तेच काम नव्या मुलांना शिकवायची वेळ येते, आणि नेतृत्व तिथे सुरू होतं. मुलाखतीत सांगण्यासारखं काही त्याच्याजवळ असेल, तर ते हेच. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र असेल, तर लष्कराच्या विशेष प्रवेशात लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या, मुलाखतीला जाता येतं. श्रेणी, पदवी आणि वयाच्या अटी मात्र आधी पाहाव्यात.

नीट ऐकून घेणाऱ्या मुलांना पुढे नर्सिंग, विशेष शिक्षण, समाजकार्य ही क्षेत्रं खरोखर मानवतात. रायपूरच्या एम्समध्ये नर्सिंगची चार वर्षांची पदवी आहे. विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलाच निवडा. समाजकार्यासाठी मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६पासून शिकवते आहे. मुलाला इंजिनिअरच व्हायचं असेल, तर खुशाल होऊ द्या. चार जणांना सोबत घेऊन काम तिथेही करावं लागतं.

एक फरक मात्र ओळखायला हवा. झोप उडाली, जेवण सुटलं, जिवलग मित्राशीही बोलणं थांबलं आणि हे आठवडेन्‌आठवडे चाललं, तर तो लाजरेपणा नव्हे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. पहिला फोन तुम्ही केलात तरी चालतो.