बाळाचे वय : ‘लागले’ किती आणि ‘पूर्ण’ किती?

शिवाजीनगरातील बौरिंग व लेडी कर्झन रुग्णालयात किंवा आपल्या वस्तीतील आरोग्य केंद्रात आपण बाळाला घेऊन जाता, तेव्हा पहिल्या प्रश्नांपैकी एक बाळाच्या वयाचा असतो. आजी उत्तर देतात, ‘‘नववा लागला.’’ मराठी घरात या उत्तराबद्दल कुणाला शंका येत नाही. आठ महिने पूर्ण होऊन नववा सुरू झाला, एवढाच त्याचा अर्थ. परंतु शिवाजीनगरात एकाच रांगेत कन्नड, तमिळ, उर्दू आणि मराठी बोलणारी माणसे उभी असतात. परिचारिकेला समजावे म्हणून तेच उत्तर कन्नडमध्ये ‘ओंबत्तु तिंगळु’ किंवा हिंदीत ‘नौ महीने’ असे सांगितले जाते. ‘लागला’ हा शब्द वाटेत गळून पडतो आणि आठ महिन्यांचे बाळ बोलता बोलता नऊ महिन्यांचे होते.

आरोग्यसेवेत वय नेहमी पूर्ण झालेल्या वर्षांत, महिन्यांत, आठवड्यांत किंवा दिवसांत मोजले जाते. चालू महिना किंवा चालू वर्ष त्यात धरले जात नाही. म्हणून वय विचारले असता शक्यतो वय सांगू नये. जन्मतारीख सांगावी, आणि तायी कार्ड किंवा जन्म प्रमाणपत्र पुढे करावे. तरीही हिशेब आपल्याला स्वतः करता आला पाहिजे, कारण पुढच्या लसीची तारीख घरातच लक्षात ठेवावी लागते.

वजाबाकीची रीत

समजा, एका मुलाचा जन्म २७ नोव्हेंबर २०२४ रोजी झाला आणि आपण त्याला १४ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रात नेले. वर, वर्ष–महिना–दिवस या क्रमाने, आजची तारीख लिहा : २०२५–८–१४. खाली जन्मतारीख लिहा : २०२४–११–२७. वजाबाकी दिवसांपासून सुरू करा. चौदातून सत्तावीस जात नाहीत, म्हणून एक महिना हातचा घ्यावा लागतो. हा हातचा सरसकट तीस दिवसांचा नसतो. आजच्या महिन्याच्या आधीच्या महिन्यात जितके दिवस, तितक्यांचा तो असतो. ऑगस्टच्या आधी जुलै आहे, त्याचे दिवस ३१. म्हणून १४ आणि ३१ मिळून ४५, त्यातून २७ गेले, उरले १८ दिवस. महिन्यांच्या घरात आता आठाचे सात झाले. सातातून अकरा जात नाहीत. एक वर्ष म्हणजे १२ महिने हातचे घ्या, १९ झाले, त्यातून ११ गेले, उरले ८. वर्षांच्या घरात शून्य. बाळाचे वय ८ महिने १८ दिवस. नऊ महिने पूर्ण होण्यास अजून तेरा दिवस आहेत.

या तेरा दिवसांना महत्त्व आहे. गोवर–रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. आईच्या शरीरातून गर्भावस्थेत बाळाला मिळालेली प्रतिद्रव्ये पहिले काही महिने त्याचे रक्षण करतात, पण तीच प्रतिद्रव्ये लसीतील दुर्बल केलेल्या विषाणूलाही निष्प्रभ करतात. लस लवकर टोचली तर कार्डावर खूण होते, पण बाळाच्या शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होईलच असे नाही. म्हणूनच नऊ महिन्यांपूर्वी दिलेली मात्रा नियमित वेळापत्रकात गणली जात नाही व ती पुन्हा द्यावी लागते. उदाहरणातील मुलाचे नऊ महिने २७ ऑगस्ट २०२५ रोजी पूर्ण झाले. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. अशा वेळी सुट्टीनंतरच्या पहिल्या लसीकरण सत्राला जावे. सणाची अडचण नको म्हणून आधीच टोचून घेण्याचा आग्रह धरू नये. चार दिवसांच्या उशिराने बिघडत नाही, मात्र महिनोन्‌महिने पुढे ढकलूही नये.

हीच गोष्ट पाचव्या वर्षाची. डीपीटीची दुसरी वर्धक मात्रा पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान देतात. ‘पाचवे लागले’ म्हणजे चारच पूर्ण झाली.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या मात्रांसाठी मात्र महिन्यांचा हिशेब सोडून द्यावा. दीड महिना आणि सहा आठवडे एक नव्हेत. इथे वाराचा उपयोग होतो. वरील मुलगा बुधवारी जन्मला. जन्मानंतरचा सहावा बुधवार, म्हणजे ८ जानेवारी २०२५, हा त्याचा बेचाळिसावा दिवस. दहा आठवडे ५ फेब्रुवारीला आणि चौदा आठवडे ५ मार्चला पूर्ण झाले. पहिली मात्रा उशिरा मिळाली असेल तर पुढच्या मात्रेसाठी जन्मतारखेकडे पाहू नये. मागची मात्रा ज्या दिवशी मिळाली त्या दिवसापासून किमान चार आठवडे, म्हणजे २८ दिवस, मोजावेत.

तारीख कोणती धरावी?

वजाबाकी अचूक असूनही उत्तर चुकते, कारण मुळातील तारीखच चुकीची असते. आपल्या घरांत दिवस सूर्योदयाला सुरू होतो, रुग्णालयाच्या नोंदवहीत मध्यरात्री. बाळ पहाटे दोन वाजता जन्मले तर घरचे ‘मंगळवारी रात्री’ म्हणतात आणि नोंद बुधवारची होते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. हिशेबासाठी नोंदीतील तारीख धरावी. हिपॅटायटिस-बी लसीची जन्मवेळची मात्रा चोवीस तासांच्या आत द्यायची असते, तिथे तर घड्याळातील वेळच पाहावी लागते.

तिथीवरून महिने मोजू नयेत. वाढदिवस तिथीने अवश्य करावा, पण चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने असे नऊ महिने सुमारे २६६ दिवसांतच भरतात. इंग्रजी तारखेचे नऊ महिने २७३ ते २७६ दिवसांचे असतात. शिवाय अधिक मास आला, जसा २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, तर महिन्यांची नावे आणि वय यांचा मेळच राहत नाही.

आजारपणात आणि वाढीत

खोकला झालेल्या बाळाचा श्वास जलद आहे की नाही, हे वयावर ठरते. दोन महिने पूर्ण होण्यापूर्वी मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून बारा महिने पूर्ण होईपर्यंत ५० किंवा अधिक, आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हे जलद मानले जातात. मिनिटाला ४४ श्वास अकरा महिन्यांच्या बाळाला चालतात. तेरा महिन्यांच्या बाळात ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. श्वास जलद असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध घेत नसेल, तर वयाचा हिशेब करीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आल्यासही हेच करावे.

वजनाचेही तसेच. ७.४ किलो वजनाचा मुलगा नऊ महिन्यांचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांनुसार तो कमी वजनाच्या रेषेच्या (७.१ किलो) वर आहे. तोच बारा महिन्यांचा असेल तर ती रेषा ७.७ किलोवर गेलेली असते आणि तो कमी वजनाचा ठरतो. वय कमी सांगितले गेले तर कुपोषण नजरेआड होते.

बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्यास दोन हिशेब ठेवावेत. लसी जन्मतारखेनेच द्याव्यात. वाढ व हालचाली पाहताना मात्र दोन वर्षांपर्यंत जितके आठवडे आधी जन्म झाला तितके वजा करावेत : ३२व्या आठवड्यात जन्मलेले बाळ आठ आठवडे आधी आलेले असते, म्हणून सहा महिन्यांचे झाल्यावर त्याच्याकडून सुमारे चार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा धरावी.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत होणे आवश्यक आहे. रुग्णालयात प्रसूती झाल्यास माहिती रुग्णालय कळवते, घरी झाल्यास कुटुंबाने कळवायची असते. बाळाचे नाव ठरले नसले तरी नोंद अडत नाही; बारशाची वाट पाहू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार इत्यादींकरिता जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा पुरावा आहे, म्हणून प्रमाणपत्र हाती येताच तारीख, महिना व वर्ष तपासून पाहावे.

घरातील वडीलधाऱ्यांची गोष्ट निराळी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अनेकांना १ जून ही जन्मतारीख बहाल केली. काही घरांत तीन भावंडांचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. त्यांच्या औषधोपचारात दोनचार महिन्यांच्या फरकाने सहसा काही अडत नाही. पण आयुष्मान भारत योजनेत २०२४ मध्ये सत्तर वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सर्व नागरिकांचा समावेश करण्यात आला, आणि तेथे वय आधारवरील नोंदीवरून धरले जाते. आधारवरील जन्मतारीख सामान्यतः एकदाच दुरुस्त करता येते. तेव्हा दुरुस्तीसाठी अर्ज करण्यापूर्वी शाळेचा दाखला, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि पारपत्र यांवरील तारखा एकमेकींशी ताडून घ्याव्यात.