फवारणीचा पंप: किंमत आणि खर्च

नाशिक किंवा तासगांवकडील द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला, कीं केवडा रोग बळावतो. अशा वेळीं उच्चदाबाचा पंप दोन दिवस बंद राहिला, तर पीक व त्यावर काढलेलें कर्ज दोन्ही संकटांत येतात. म्हणून ‘कोणत्या छापाचा पंप घ्यावा?’ हा प्रश्न घरोघरीं निघतो. तो पदार्थविज्ञान व अंकगणित यांच्या साहाय्यानें सोडवून पाहूं.

या पंपांत तीन दांडे, म्हणजे प्लंजर, आळीपाळीनें पुढें-मागें सरकतात. सील जागच्या जागीं असतें. दांडा त्यांतून जातो-येतो. दांड्याची धाव २ सेंटिमीटर आणि मिनिटास ९०० फेरे धरा. तासांत ५४,००० फेरे होतात व प्रत्येक फेऱ्यांत दांडा ४ सेंटिमीटर घासतो. म्हणजे तासाला २,१६० मीटर! तेंच पाणी जाड दांड्यानें व कमी फेऱ्यांत काढलें, तर घर्षण घटतें; पण पंप जड व महाग होतो. किमतींतील फरकाचें एक मोठें कारण हेंच.

अमेरिकेंतील कॅट पंप्स (१९६८) व इटलींतील इंटरपंप (१९७७) यांचे सिरॅमिकचे गुळगुळीत दांडे गंजत नाहींत व सील कमी झिजवितात. मुंबईची अस्पी १९४६ पासून फवारणीयंत्रांच्या धंद्यांत आहे. परंतु ऐन हंगामांत सील तालुक्याच्या गांवीं मिळतें कीं आठ दिवसांनीं टपालानें येतें, हें मला छापापेक्षां महत्त्वाचें वाटतें. दुकानदारास प्रथम तेंच विचारावें.

आतां हिशेब. आंकडे केवळ उदाहरणादाखल समजावे. पंप ‘अ’ १५,००० रुपयांचा व ६०० तास टिकणारा; त्याचीं सीलें ९०० रुपयांचीं, दर १५० तासांनीं बदलावयाचीं. ताशी खर्च २५ अधिक ६, म्हणजे ३१ रुपये. पंप ‘ब’ २७,००० रुपयांचा व १,८०० तासांचा. सीलें १,५०० रुपयांचीं, दर ५०० तासांनीं. ताशी १५ अधिक ३, म्हणजे १८ रुपये.

तर मग ‘ब’ घ्यावा? भाड्यानें वर्षास ४०० तास फवारणी करणाऱ्यानें अवश्य घ्यावा. वर्षाला ५,२०० रुपये वांचून वरचे १२,००० रुपये अडीच वर्षांच्या आंत फिटतात. पण ज्याचें काम वर्षास ४० तासांचेंच, त्याला ‘अ’ पंधरा वर्षें पुरतो. ‘ब’चे १,८०० तास भरावयास पंचेचाळीस वर्षें लागतील, आणि तोंवर रबर पडून पडूनच कडक होईल!

बोर्डो मिश्रणांतील न विरलेला चुना मात्र दोन्ही पंपांस सारखाच घातक. मिश्रण दाट फडक्यांतून गाळावें, शोषनळीची जाळी रोज धुवावी आणि पिंपांतील द्रव संपण्यापूर्वींच पंप थांबवावा. कोरड्या दांड्यावर सील थोड्याच वेळांत जळतें.