लालन, ताडन आणि मुलांचे मन

गेल्या उत्सवात आपल्या देवळात घडलेल्या एका प्रसंगाने या लेखास आरंभ करितो. समईच्या तेलाचे भांडे लवंडले. जवळ सात-आठ वर्षांचा एक मुलगा उभा होता. आम्ही चढ्या स्वरात विचारताच त्याने धाकट्या बहिणीचे नाव सांगितले. ती तर त्या वेळी सभामंडपाबाहेर आईपाशी होती. मुलगा खोटारडा आहे, असा निर्णय चौघांनी तेथल्या तेथे देऊन टाकला. त्यास खोटे बोलावयास कोणी लाविले, हा प्रश्न मात्र आम्हांस रात्रभर छळीत राहिला. आमच्याच आवाजाने लाविले, असे उत्तर मिळाले.

पाच वर्षे लालन, नंतर दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षापासून मैत्री, अशा आशयाचे चाणक्यनीतीतील वचन आपणांस परिचित आहे. खेदाची गोष्ट ही की, त्यातील मधला भाग तेवढा आपल्या ध्यानात राहतो. सोळाव्या वर्षी मित्र होऊ इच्छिणाऱ्या पित्याने त्यापूर्वीची दहा वर्षे धाकात घालविली, तर मैत्री कोठून उगवणार?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात मातापित्यांच्या वर्तनाचे तीन प्रकार वर्णिले: केवळ हुकूम चालविणारे, सर्व काही मोकळे सोडणारे, आणि नियम ठामपणे पाळावयास लावून त्यांचे कारण मायेने सांगणारे. उपेक्षा करणारे हा चौथा प्रकार १९८३ साली इतर अभ्यासकांनी जोडिला. तिसऱ्या प्रकारच्या घरांतील मुले सामान्यतः अधिक आत्मविश्वासाची व संयमी आढळली. नुसत्या धाकात मूल बुजते वा लपवाछपवी शिकते. नुसत्या मोकळिकीत त्यास स्वतःस आवरणे जड जाते. अर्थात मुलाचा मूळ स्वभावही यात असतोच; सगळे खापर आईबापांच्या माथी फोडणे न्याय्य नव्हे.

परंतु इतके दूर जाण्याचे कारण नाही. ज्या गुजरातेत आपण नांदतो, तेथेच गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून १९२० साली भावनगरास दक्षिणामूर्ति बालमंदिर उभारिले. भय आणि लालूच या दोहोंवाचून मूल शिकते, हे त्यांनी दाखविले. 'माबाप थवुं आकरुं छे' हे त्यांचे गुजराती पुस्तक आपली मुले सहज वाचू शकतील. आपणच त्यांच्याकडून वाचून घ्यावे. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक या आपल्या मराठी भगिनी. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने वारली मुलांसाठी कार्य केले. सुरतेहून मुंबईस जाताना लागणाऱ्या घोलवड स्थानकाजवळचेच हे कोसबाड. तेथील मुले शाळेत येत नसत. ती आळशी म्हणून नव्हे, तर गुरे राखावयाची व धाकटी भावंडे सांभाळावयाची म्हणून. तेव्हा या दोघींनी मुलांस दटावले नाही. शाळाच अंगणात आणि कुरणात नेली. वर्तनाच्या मागील कारण शोधणे ते हेच.

आमच्या कतारगामातही कारणे शोधावयास फार लांब जावे लागत नाही. हिऱ्याचे कारखाने, यंत्रमाग, बारा-बारा तासांची पाळी. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा निजतो आणि एका खोलीच्या घरात मुलाच्या कानी 'गप्प बैस' एवढेच पडते. बापाचा दोष म्हणावा, तर तो कोणासाठी राबतो? तथापि दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक सलते. गल्लीत, मित्रांत आपली मुले गुजराती बोलतात. घरची मराठी जर त्यांस रागावण्यापुरतीच ऐकू आली, तर त्या भाषेविषयी त्यांच्या मनात काय साठेल? पाळीवर जाण्यापूर्वीची पंधरा मिनिटे जरी बापाने मुलाचे बोलणे मध्येच न तोडता ऐकले, तरी पुष्कळ झाले.

त्या मुलास आम्ही दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. आवाज चढविला ही आमची चूक झाली, असे त्यास सांगितले. सांडलेले तेल पुसलेच पाहिजे, हा नियम मात्र सोडला नाही. फरशी अजून ओशटच होती. साबणाचे पाणी व फडकी घेऊन दोघेही बसलो. पुसता पुसता तो आपणहून बोलू लागला. घंटेस हात पुरत नव्हता, म्हणून तो चौरंगावर चढला होता.