दोन इंजनं, एक टाकी

आमच्या आसगावात इंजन म्हटलं की नाल्यावरचं, पाणी उपसणारं डिझेल इंजन. पवनी तालुक्यातलं हे चौरास भागातलं गाव, भारी जमीन, धानाच्या बांध्या. गेली पंचवीस वर्षं मी हीच इंजनं खोलतो आणि बसवतो. नोझल, रिंगा, गॅस्केट, सगळं हाताखालून गेलेलं. त्यामुळे बोटीच्या इंजनात मला कोणी काही शिकवावं असं उरलेलं नाही, हा माझा समज होता. हा समज मला दोन लाखांच्या आसपास पडला. जीव गेला नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

गोसीखुर्दच्या धरणाची कोनशिला 1988 मध्ये राजीव गांधींनी बसवली. तेहतीस दारांचं हे धरण पुढे भरत गेलं आणि वैनगंगेचं पाणी मागे पसरत गेलं. आंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम, वर टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. 2024 मध्ये तिथला तारांचा पूल सुरू झाल्यावर नागपूरची माणसं रविवारी गाड्या भरभरून येऊ लागली. इकडे पवनी-कऱ्हांडल्याला वाघ पाहायला येणारे होतेच. वाघ दिसला नाही तर निदान पाणी तरी दाखवू, असं आमच्या तिघांच्या डोक्यात आलं. तिघं म्हणजे मी, माझा साळा आणि एक टेम्पोवाला मित्र.

बोट कोकणातून आणली. एकवीस फुटी, फायबरची, निमुळत्या नाकाची, पळणारी जात. मागे पंचाहत्तर हॉर्सपॉवरची दोन आउटबोर्ड इंजनं. त्याच मालकाकडे तशीच दुसरी बोट होती, तिला दीडशेचं एकच इंजन होतं आणि ती स्वस्तही होती. पण विकणारा म्हणाला, "एक बंद पडलं तर दुसरं घरी आणतं." बस, आमचं ठरलं. खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. आमच्या जिल्ह्यात शंकरपटाचं, बैलजोड्यांच्या शर्यतीचं वेड. जोडी म्हटली की माणसाची छाती फुगते. मागे दोन काळी इंजनं शेजारी शेजारी उभी, ही आम्हाला पटाची जोडीच वाटली.

नदीकाठच्या एका ढिवर काकांनी ती पाहिली, चारी बाजूंनी फिरले आणि म्हणाले, "दोन इंजनं कायले जी? पानी तं एकच आहे." आम्ही हसलो. म्हाताऱ्याला काय कळतं, असंच आमचं हसणं होतं.

पावसाळाभर बोट ताडपत्रीखाली होती. टाकी अर्धी भरलेली. दिवाळीनंतर पाणी निवळलं तेव्हा चाचणीसाठी उतरवली. सुदैवानं त्या दिवशी प्रवासी नव्हते. आम्ही तिघं आणि माझा भाचा, एवढेच. टाकीत वरून चाळीस लिटर ताजं पेट्रोल ओतलं. काठाजवळ मासेमारीची जाळी असतात, म्हणून पहिली वीस मिनिटं सावकाश गेलो. इंजनं शिवणयंत्रासारखी गोड चालत होती. मोकळं पाणी लागलं आणि साळ्यानं दोन्ही एक्सलेटर पुढे लोटले. नाक उचललं गेलं, बोट पाण्यावर चढली, भाचा ओरडला. बहुतेक एक मिनिट गेलं असेल. डावं इंजन खोकलं. मी त्याच्याकडे वळतो न वळतो तोच उजवंही खोकलं. मग दोन्ही थंड.

अशा वेळी पाण्यावर जी शांतता पडते ती मला अजून आठवते. स्टार्टर मारून मारून बॅटरी बसली, आणि बॅटरीही एकच होती. वल्हं एक, तेही जाहिरातीतल्या बोटीत शोभेल असं तोकडं. वारा उत्तरेचा. बोट हळूहळू बुडीत झाडांच्या रांगेकडे सरकू लागली. पाण्याबाहेर नुसते वाळलेले शेंडे, खाली काय आहे ते कळत नाही. लाइफ जॅकेट होती, पण सीटखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली. ती सोडताना माझी बोटं थरथरत होती. अंधार पडता पडता डोंगा घेऊन आले ते हेच काका. आमच्या दोरीचं टोक त्यांनी डोंग्याला बांधलं आणि बांबू रेटत, मधूनमधून दम खात, आम्हाला काठाला लावलं. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. पाच मिनिटांत बाटलीत दोन थर झाले. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाण्यासारखं काहीतरी, मध्ये रेघ ओढल्यासारखी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी ते पोटात सामावून घेतं. प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होतं आणि तळाला बसतं. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं होतं. पावसाळाभर त्यातून थेंब थेंब पाणी आत गेलं होतं. सावकाश चालताना बोट आडवी होती, तळाचं पाणी पसरलेलं होतं आणि इंजनासाठी पेट्रोल ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाखाली राहिलं होतं. वेग दिला, नाक वर गेलं, आणि सगळं पाणी मागे घसरून थेट नळीच्या तोंडाशी आलं. टाकी एक, फिल्टर एक, त्यापुढे टी लावून दोन नळ्या काढलेल्या. मग इंजनं दोन असोत की चार, सगळ्यांनी एकाच भांड्यातलं पाणी प्यायलं.

तेव्हा मला काकांचं बोलणं कळलं, पाणी एकच असण्याचं.

टाकी साफ केली, फिल्टर बदलला आणि मग मी हट्टानं आणखी एक चाचणी घेतली. विकणाऱ्याचं वाक्य खरं की खोटं ते पाहायचं होतं. चौघांना घेऊन, दोन्ही इंजनांवर, मोबाइलवर बावन्न किलोमीटरचा वेग भरला. मग डावं बंद केलं. आता अर्धा, म्हणजे सव्वीस तरी मिळेल असा हिशेब होता. मिळाला अकरा. कारण एका इंजनाच्या जोरावर अशी बोट पाण्यावर चढतच नाही, नांगरासारखी पाणी फाडत जाते. बंद इंजनाचा पंखा पाण्यात ओढला जातो तो वेगळा. तो वर उचलून घेतला तेव्हा दीड-दोन किलोमीटरचा फरक पडला. चालू इंजन मात्र कण्हत होतं. त्याचा पंखा वेगात पळण्यासाठी निवडलेला, ओझं ओढण्यासाठी नव्हे. चिखलणीत ट्रॅक्टर चौथ्या गिअरमध्ये टाकावा तसं. शिवाय जोर एका बाजूनं, म्हणून बोट सारखी डावीकडे वळे. जोडीतला एक बैल बसला की दुसरा बंडी कुठे नेतो, ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. दुसरं इंजन घरी आणतं हे खोटं नाही. किती वेळात आणतं आणि स्वतःचं काय करून घेतं, ते विकणारा सांगत नाही, एवढंच.

आता वजनाचं. दीडशेचं एक फोरस्ट्रोक इंजन सव्वादोनशे किलोच्या आत बसतं. पंचाहत्तरचं साधारण एकशेसाठच्या पुढे, म्हणजे दोन मिळून सव्वातीनशे. जास्तीचे शंभर किलो, आणि तेही अगदी मागच्या फळीवर लटकलेले. चार जण मागे बसले की आमची बोट नाक वर करून शेपूट बुडवायची, आणि एकदम थांबलं की मागची लाट फळीवरून आत यायची. पाण्याखाली इंजनांचे दोन पाय ओढायचे म्हणून तेवढ्याच ताकदीला वेग कमी आणि पेट्रोल जास्त. तिकडे दीडशेची ताकद पूर्ण उघडली की तासाला पन्नास लिटरच्या आसपास जातं. आसगावात तेवढ्यात किती पंप किती रात्री चालतील, हा हिशेब माझ्या बायकोनं मला न मागता करून दिला.

देखभालीला तर सगळं दुप्पट. तेल, गिअरचं तेल, प्लग, इंजन थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर. गंज खाण्यासाठी मुद्दाम लावलेले धातूचे ठोकळेही दोन जोड. कोकणातून आलेल्या आमच्या इंजनांवर ते जस्ताचे होते. खाऱ्या पाण्यात ते चांगले. गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर चढतो आणि ते काम करेनासे होतात, इथे मॅग्नेशियमचे लागतात. हे मला वर्षानं कळलं, गिअरच्या घरावर पांढरे फोड उठल्यावर.

म्हणून दोन इंजनं वाईट, असं मी म्हणत नाही. मालवण-रत्नागिरीकडून कोणी खोल समुद्रात जात असेल, खाली ओहोटी, बाजूला खडक, तर अकरा किलोमीटरचा वेगही देवासारखा. गर्दीच्या जेटीला लागतानाही जोडीची मजा आहे. एक पुढे, एक मागे टाकलं की बोट जागच्या जागी फिरते. ते मला खरंच आवडायचं, आणि लोकांना दाखवायलाही आवडायचं. पण मग जोडी खरी जोडी हवी. टाकी दोन, फिल्टर दोन, बॅटरी दोन. हे नसेल तर तुम्ही खर्च दुप्पट केला आणि धोका होता तेवढाच ठेवला.

आणि काही धोके टाक्या दोन करूनही जात नाहीत. आमच्या पाण्यात जलपर्णी आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं, त्यावर ती माजते. इंजनाला थंड करणारं पाणी पायातल्या जाळीतून ओढलं जातं. दोन्ही जाळ्या एकाच खोलीवर, एकाच हिरव्या गालिच्यात. मागून पडणारी बारीक धार मंद झाली की समजावं, जाळी बुजली, तापण्याआधी बंद करावं. बुडालेल्या खुंटाचंही तसंच, पंखे दोन्ही सारख्याच खोलीवर फिरतात. ऑक्टोबर 2018 मध्ये शिवस्मारकाच्या कार्यक्रमाला निघालेली स्पीडबोट मुंबईच्या समुद्रात खडकावर आपटून बुडाली आणि एक तरुण गेला. डिसेंबर 2024 मध्ये गेटवेजवळ इंजनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. इंजनं किती, हा प्रश्न त्या दोन्ही वेळी कोणाच्या कामाचा नव्हता. पाण्याखाली काय आहे, समोर कोण आहे आणि जॅकेट अंगात आहे का, हे कामाचं होतं. चाचणी करायची तर मोकळ्या पाण्यात, प्रवाशांपासून लांब. आमची चाचणी तशी झाली, पण त्यात अक्कल नव्हती, योगायोग होता.

आम्ही शेवटी दोन्ही इंजनं विकली आणि दीडशेचं एक घेतलं. बाजूला ब्रॅकेटवर दहाच्या आतलं एक छोटं इंजन, दोरीनं चालू होणारं, बारा लिटरची स्वतःची वेगळी टाकी असलेलं. ते ताशी आठ-नऊच्या वेगानं घरी आणतं. जोडीच्या उरलेल्या इंजनापेक्षा दोन-तीन किलोमीटर कमी, पण त्याचं पेट्रोल वेगळं, त्याला बॅटरी लागत नाही आणि दर शनिवारी मी ते दहा मिनिटं चालवतो. न चालवलेलं राखीव इंजन म्हणजे नुसतं वजन. दोन लांब वल्ही आणि एक बांबूही आहे. बांबू काकांनी निवडून दिला.

घेणाऱ्यानं आधी बोटीच्या मागच्या फळीवर किती ताकद आणि किती वजन चालतं ते बनवणाऱ्याकडून लेखी घ्यावं, मग इंजन पाहावं. आमचं उलट झालं. जुनी बोट असेल तर टाकीचं झाकण, रबरी नळ्या, फिल्टर स्वतः उघडून बघा, रंगाकडे नंतर बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत मात्र दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. तेव्हा आपल्या इंजनाबद्दल कंपनीला विचारावं, पेट्रोल ताजं घ्यावं आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवावा, ज्याची खालची वाटी पारदर्शक असते. सकाळी निघताना मी त्या वाटीकडे आधी बघतो. 2021 च्या कायद्याप्रमाणे नदी-तलावातल्या यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणी लागते, आपल्याकडे ते काम मेरीटाइम बोर्डाकडे आहे. तपासणी करणाऱ्याला त्रासदायक समजू नका. आमच्या एकुलत्या एक टाकीवर आमच्याही आधी त्याचंच बोट गेलं असतं, आम्ही त्याला चाचणीआधी बोलावलं असतं तर.

दोन थरांची ती बाटली बरेच दिवस दुकानाच्या फळीवर होती. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय, आणि मला पुन्हा सगळं सांगावं लागायचं. यंदा पावसाआधी बोट वर घेतली तेव्हा टाकी पूर्ण उपसली. निघालेलं पेट्रोल भाच्याच्या मोटरसायकलीत गेलं. रोवणी संपेपर्यंत त्याला पंपावर जावं लागलं नाही.